नाईलकाठच्या नुबियन गावात रिट्रीटला राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या दक्षिणेला आस्वान शहराच्या आसपास, नाईलच्या काठावर आणि नदीतल्या बेटांवर नुबियन लोकांची गावं आहेत. पश्चिम काठावरचं गर्ब सुहेल, एलिफंटाईन बेटावरच्या वस्त्या, सुहेल बेट, दोन धरणांच्या मधल्या पाण्यातलं हेसा बेट. योग, मौन, चित्रकला किंवा नुसती विश्रांती अशा निमित्तांनी इथे आठ-दहा दिवस राहायला आता आपली मराठी मंडळीही जातात. निघण्याआधी ती जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हॉटेलात राहणं वेगळं आणि कुणाच्या तरी गावात राहणं वेगळं, एवढं धरून ही उत्तरं वाचा.

नुबियन म्हणजे नक्की कोण? इजिप्तचे अरब नव्हेत का?

नागरिक इजिप्तचेच, धर्म मुस्लिम, पण भाषा आणि इतिहास स्वतःचा. आस्वानपासून दक्षिणेला सुदानमधल्या डोंगोलापर्यंत नाईलकाठचा जो पट्टा होता, तो नुबिया. कुश राज्याचे राजे याच भागातले. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात त्यांनी साऱ्या इजिप्तवर राज्य केलं. पुढे अनेक शतकं इथे ख्रिस्ती राज्यं होती आणि नुबियन भाषा स्वतःच्या लिपीत लिहिली जात होती. इस्लाम नंतर हळूहळू रुजला. इजिप्तमध्ये नुबियनांचे दोन मोठे गट आहेत, केन्झी आणि फदिज्जा. दोघांच्या बोली वेगळ्या आहेत. आस्वानच्या आसपास बहुतेक केन्झी भेटतील.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. कातडीच्या रंगावर काही बोलू नका, कौतुकानेसुद्धा नाही. इजिप्तच्या सिनेमात नुबियन माणूस वर्षानुवर्षं दरवान, खानसामा किंवा नोकर म्हणूनच दिसला आणि त्याच्या उच्चारांवर हशा पिकवला गेला. तो सल अजून आहे. आपल्याकडे ‘रंग’ हा विषय किती सहज तोंडात येतो ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे तो तोंडात येऊ देऊ नका.

यजमानांसमोर धरणाचा विषय काढावा का?

आपण होऊन काढू नका. त्यांनी काढला तर मात्र नीट ऐका, आणि ऐकण्याआधी थोडं माहीत करून घ्या.

आस्वानचं जुनं धरण 1902 मध्ये पूर्ण झालं. 1912 आणि 1933 मध्ये त्याची उंची वाढवली. दर वेळी पाणी चढलं, शेतं आणि खजुराच्या बागा गेल्या, आणि लोकांनी वर डोंगरउतारावर पुन्हा घरं बांधली. जमीन गेल्यावर पुरुष कैरो-अलेक्झांड्रियाला स्वयंपाकी, दरवान, कारकून म्हणून गेले आणि गावं बायकांनी सांभाळली. कोकणातल्या चाकरमान्यांची घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र लगेच कळेल.

मग उंच धरण आलं. 1960 मध्ये काम सुरू झालं, 1970 मध्ये संपलं. मागे सुमारे 500 किलोमीटर लांबीचा जलाशय उभा राहिला. इजिप्तमध्ये त्याला नासर सरोवर म्हणतात. 1963-64 मध्ये इजिप्तमधल्या सुमारे 50,000 नुबियनांना बोटींनी आणि गाड्यांनी आस्वानच्या उत्तरेला कोम ओंबोजवळ नेऊन वसवलं. सुदानच्या बाजूलाही साधारण तेवढेच लोक वादी हल्फा भागातून उठवून शेकडो किलोमीटर दूर खश्म अल-गिर्बाला पाठवले गेले. कोम ओंबोला नव्या वस्त्यांना जुन्याच गावांची नावं दिली, पण घरं रांगेतली, काँक्रीटची, कित्येक अर्धवट. दारासमोर नदी नव्हती. पहिल्याच काळात लहान मुलं आणि म्हातारी माणसं मोठ्या संख्येने दगावली.

त्याच वर्षांत युनेस्कोच्या मोहिमेतून अबू सिंबेलची खडकात कोरलेली प्राचीन मंदिरं कापून, दगडांना क्रमांक देऊन वर चढवली (1964 ते 1968). फिले बेटावरचं इसिस देवीचं मंदिर पुढे अगिल्किया बेटावर हलवलं. या मोहिमेत आपलाही हात होता: 1961-62 च्या हंगामात बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने नुबियात अफ्येह इथे उत्खनन केलं. मंदिरं वाचली याचा आनंद तुम्ही तिथे जरूर व्यक्त करा. पण ज्यांच्या आजीचं घर त्या पाण्याखाली आहे त्यांच्यासमोर ‘केवढं मोठं अभियांत्रिकी यश’ असं म्हणू नका.

गर्ब सुहेल, एलिफंटाईन ही गावं धरणांच्या खालच्या अंगाला असल्यामुळे उंच धरणात बुडाली नाहीत. पण बहुतेक घरांत कुणाचं माहेर, कुणाचं आजोळ पाण्याखाली गेलेलं असतं. कोयनेच्या शिवसागरात गेलेली गावं किंवा नर्मदाकाठचं मणिबेली यांच्याबद्दल तुम्हाला माहिती असेल, घरचा अनुभव असेल तर तर नक्कीच, तो सांगा. तिथून खरी ओळख सुरू होते.

आणि राजकारण? परत जाण्याचा हक्क वगैरे?

2014 च्या इजिप्तच्या राज्यघटनेच्या 236 व्या कलमात नुबियनांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ भागात परत नेण्याची योजना करण्याचं वचन आहे. ते पुरं झालेलं नाही. सप्टेंबर 2017 मध्ये डफ वाजवत, गाणी म्हणत आस्वानमध्ये निघालेल्या नुबियन निदर्शकांना अटक झाली. म्हणून यजमानाला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘तुम्हाला सरकारबद्दल काय वाटतं’ असलं काही विचारू नका. तुम्ही विमानाने घरी जाल, तो तिथेच राहणार आहे. गच्चीवर रात्री कुणी मोकळेपणाने बोललं तर ते तिथेच राहू द्या. नाव घालून समाजमाध्यमावर टाकू नका.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात पारा सहज 40 अंशांच्या वर जातो. थंडीत रात्री चांगलाच गारठा असतो, स्वेटर न्या. 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण पोचतात. त्या सुमारास आस्वान गर्दीने भरून वाहतं, शांतता हवी असेल तर त्या तारखा टाळा.

येती काही वर्षं रमजान ऐन हंगामात येतो आहे. रमजानमध्ये जायला हरकत नाही, उलट सूर्यास्ताच्या वेळी इफ्तारला बोलावणं येईलच. फक्त दिवसा रस्त्यावर, होडीत, लोकांदेखत खाऊ-पिऊ नका, आणि दुपारी स्वयंपाकघराकडून चहाची अपेक्षा ठेवू नका. जी बाई स्वतः पाण्याचा घोट घेत नाही तिला तुमच्यासाठी तीनदा चुलीपाशी उभं करणं बरं दिसत नाही. थर्मास जवळ ठेवा, खोलीत प्या.

पोचायचं कसं?

कैरोहून आस्वानला विमान किंवा रात्रीची रेल्वे. व्हिसा भारतातूनच काढून निघा. विमानतळ नदीच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे गर्ब सुहेलला मोटारीने थेट जाता येतं. बेटांवर होडीनेच जावं लागतं. गावकऱ्यांच्या रोजच्या होडीत बायका आणि पुरुष वेगवेगळ्या भागात बसतात. चढल्यावर आधी बघा आणि त्याप्रमाणे बसा. नवरा-बायको शेजारी बसलेच पाहिजेत असा हट्ट नको.

घरात राहताना कोणत्या रीती पाळाव्या?

आधी घर समजून घ्या. जुन्या पद्धतीचं नुबियन घर मातीच्या कच्च्या विटांचं असतं, वर पिंपासारखी अर्धगोल कमान. या भागात तुळयांना लाकूड नाही, म्हणून गवंडी मागच्या भिंतीला टेकवून विटांची एक-एक तिरकी ओळ चढवत नेतो. खाली आधाराचा साचा नसतो, आणि तरी कमान उभी राहते. वास्तुरचनाकार हसन फथी 1941 मध्ये आस्वानजवळच्या गावांत हे बघून थक्क झाले आणि लक्सरजवळ नवं गुर्ना गाव वसवताना त्यांनी इथलेच गवंडी नेले. अशा खोलीत भर दुपारी शिरलात की फरक अंगाला कळतो. म्हणून एसी नाही म्हणून तक्रार करण्याआधी एक रात्र राहून बघा. (गर्ब सुहेलचे भडक निळे-पिवळे रंग सुंदर आहेत, पण त्यातला बराचसा भाग पर्यटकांसाठी अलीकडे चढला आहे. जुनी सजावट म्हणजे चुन्याची सफेदी, गिलाव्यात उठवलेली नक्षी आणि भिंतीत बसवलेल्या चिनीमातीच्या बश्या. हेसासारख्या शांत ठिकाणी अशी घरं दिसली तर थांबून बघा.)

बाहेरच्या भिंतीला लागून बसायचा ओटा असतो, त्याला मस्तबा म्हणतात. संध्याकाळी घरातली आणि शेजारची माणसं तिथे बसतात. जाता-येता ‘सलाम आलेकुम’ म्हणा, हातात फोन असला तरी. न बोलता पुढे गेलेला पाहुणा उद्धट समजला जातो. बसायला सांगितलं तर दोन मिनिटं टेका.

आत कुठवर जायचं हे यजमान सांगेपर्यंत अंगणाच्या पुढे जाऊ नका. पाहुण्यांची बैठक वेगळी असते, बायकांचा वावर वेगळ्या भागात. पुरुषांनी घरातल्या बाईशी हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करू नये, छातीवर हात ठेवला की पुरतं. गालिच्यावर जाण्याआधी चपला काढा. कित्येक घरांत अंगणात स्वच्छ वाळू पसरलेली असते, तीही जमीनच आहे, तिच्यात बिड्या-सिगारेटी विझवू नका.

कॉफी आली तर घाई करू नका. जबना म्हणतात तिला. हिरव्या बिया निखाऱ्यावर भाजतात, कांडतात, आलं किंवा सुंठ घालून मातीच्या छोट्या सुरईत उकळतात आणि हँडल नसलेल्या चिमुकल्या कपांत ओततात. वास घराबाहेरही जातो आणि शेजारीण येते. पहिला कप पिऊन उठणं म्हणजे निम्म्यातून उठणं. रिट्रीटच्या वेळापत्रकात या वेळी ‘सेशन’ असेल तर सेशन पुढे ढकला, असं मी आयोजकांना नेहमी सांगते.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

छान होतं. फुल म्हणजे मंद आचेवर शिजवलेले बाकला, त्याच दाण्यांची तामिया म्हणजे तळलेली वडी, मसुराचं सूप, भेंडी, वांगी, तीळकुटासारखी ताहिनी, भात, आणि उन्हात फुगवलेली जाड शम्सी भाकरी. खजूर आणि अंबाडीच्या फुलांचं करकदे सरबत तर आस्वानची ओळखच. लक्ष ठेवा ते रश्श्यावर: मुलुखियाची पातळ भाजी किंवा भेंडीचा रस्सा बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतो आणि वरून दिसत नाही. पोचायच्या आधीच कळवा. ताट समोर आल्यावर विचारलंत तर घरच्या बाईचा चेहरा पडतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी चार-पाच दिवसांचं सुकं सोबत न्यावं. जेवण एका मोठ्या तबकाभोवती बसून असेल तर उजव्या हाताने आणि आपल्या समोरच्या भागातलंच घ्या. ‘पोट भरलं’ हे दोनदा-तीनदा म्हणावं लागतं, पहिल्यांदा कुणी मानत नाही.

कपडे?

खांदे आणि गुडघे झाकलेले, सैल, सुती. पुरुषांनाही हेच लागू. अर्ध्या चड्डीत गावातून फिरणारा पुरुष तिथे विचित्र दिसतो. सलवार-कुर्ता उत्तम. डोक्यावर ओढणी घेण्याची सक्ती नाही, मशिदीत जाताना घ्या. योगाचे तंग कपडे सरावाच्या जागेपुरते, बाहेर पडताना वर सैल कुर्ता चढवा.

नदीकाठी योगासनं, ध्यान, मंत्र चालतील का?

आसनं आणि ध्यान कुणाला खटकत नाही, पण जागा विचारून घ्या. जो काठ तुम्हाला रिकामा दिसतो तिथे सकाळी बायका भांडी घासायला, मुलं पोहायला, कोळी जाळं घेऊन येतात. गच्चीवरून शेजारच्या अंगणात दिसत असेल तर ती गच्ची सरावाला नको. अजानच्या वेळी तुमचा स्पीकर बंद. ओंकार आणि मंत्र बंद जागेत, हळू आवाजात म्हणा. भक्ती तुमची आहे, तिची दवंडी पिटायची गरज नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी गाव मशिदीत असतं, तेव्हा होडीवाला, स्वयंपाकी कुणालाही कामाला लावू नका.

नाईलमध्ये दिवा किंवा फुलं सोडली तर?

हा प्रश्न फक्त आपलीच माणसं विचारतात, आणि मनापासून विचारतात. माझं उत्तर: नका सोडू. द्रोण, वात, हार, नारळ यांतलं काहीही नाही. हेच पाणी आस्वानच्या नळाला जातं.

शिवाय या नदीशी त्या लोकांचं स्वतःचं नातं आहे. जुन्या नुबियात मान्यता होती की नदीत अदृश्य जीव राहतात. बायका त्यांच्यासाठी काठावर खाणं ठेवत. बाळ सात दिवसांचं झालं की त्याला नदीवर न्यायचं, लग्नानंतर नवरा-नवरीने नाईलच्या पाण्याने तोंड धुवायचं. यातलं काही आजही कुठे कुठे होतं. धार्मिक माणसं अशा गोष्टींबद्दल बोलताना अवघडतात. कुणी सांगितलं तर ऐका, प्रयोग म्हणून करून दाखवायला सांगू नका.

पोहता येईल का?

वाहत्या, खोल पाण्यात, होडीवाला सांगेल तिथेच. साचलेल्या, लव्हाळे वाढलेल्या पाण्यात पाय घालू नका, बिल्हार्झिया नावाच्या परजीवीचा धोका असतो. जुन्या धबधब्यांच्या भागात खडकांमध्ये ओढ जबर आहे. बायकांनी गावाच्या घाटावर पोहण्याच्या पोशाखात उतरू नये.

घरात पाळलेली मगर बघायला, हातात घ्यायला हरकत आहे का?

गर्ब सुहेलच्या काही घरांत टाकीत किंवा पिंजऱ्यात मगरीची पिल्लं ठेवलेली असतात. धरणांच्या खाली नदीत मगर आता राहिलेली नाही. ही पिल्लं नासर सरोवरातून येतात. दारावर मगर टांगण्याची रीत जुनी आहे, नजर लागू नये म्हणून. पण तोंड बांधलेलं पिल्लू दिवसभर या हातातून त्या हातात फिरवणं हे पर्यटकांच्या पैशांसाठी चालतं. मी ते टाळायला सांगते. यजमानाला मात्र उपदेश करू नका. ‘नको, चहा घेऊ’ एवढंच पुरे. मागणी कमी झाली की पिल्लं आपोआप कमी होतील.

फोटो?

माणसांचे विचारूनच, बायकांचे तर स्पष्ट होकार मिळाल्यावरच. मुलांचे फोटो आई-बापांना विचारून. दफनभूमीत फोटो नकोत. थडग्यांवर मातीची भांडी ठेवलेली दिसतात, त्यांत पाणी घालायची रीत आहे. त्यांना हात लावू नका, ती ‘पुरातन वस्तू’ नव्हे. धरण, पूल, पोलीस चौकी यांचे फोटो काढू नका. ड्रोन घरीच ठेवा, परवान्याशिवाय इजिप्तमध्ये तो आणायलाच बंदी आहे आणि विमानतळावरच जप्त होतो.

दारू? आणि लग्न न झालेली जोडपी?

गावात दारू नको, खोलीतही नको. जोडप्याबाबत परदेशी पाहुण्यांना बहुधा कुणी कागद मागत नाही, पण कुटुंबाच्या घरात राहणार असाल तर आधी मोकळेपणाने विचारा. चारचौघांत गळ्यात गळे घालणं टाळा, हे विवाहितांनाही लागू आहे.

पैशांचं काय? घासाघीस करावी का?

होडी, उंट, मेंदी यांचे दर बसण्याआधी ठरवा आणि ठरलेले द्या. बायका स्वतः विणलेल्या टोपल्या, मण्यांच्या माळा विकतात; तिथे पाच-दहा इजिप्शियन पौंडांसाठी ताणू नका. मुलांना पैसे, चॉकलेट, पेन वाटत फिरू नका. दिलं की दुसऱ्या दिवशी ती शाळा सोडून होडीपाशी उभी राहतात. द्यायचंच असेल तर यजमानामार्फत गावच्या शाळेला द्या.

रिट्रीट बुक करताना एक प्रश्न आयोजकाला विचाराच: जागा कुणाची, आणि स्वयंपाक, होडी, साफसफाई गावातलीच माणसं करतात का? युरोपातून किंवा कैरोतून चालवलेली, गावाशी फक्त देखाव्यापुरता संबंध असलेली ठिकाणंही आहेत. मी गावातल्या कुटुंबाची जागा निवडेन, स्नानघर साधं असलं तरी.

भाषेची अडचण येते का?

पर्यटनाशी संबंध असलेल्यांना इंग्रजी येतं. घरातल्या मोठ्या बायकांशी अरबीतले चार शब्द लागतात: शुक्रन (आभार), सलाम, अल्हम्दुलिल्ला (देवाची कृपा). ‘मस्काग्ना’ हे नुबियन अभिवादन म्हणून बघा, समोरचा खुलतो. भारतीय दिसलात की ‘अमिताभ बच्चन!’ अशी हाक येईलच. इजिप्तमध्ये त्यांचं वेड जुनं आहे. हसून उत्तर द्या.

लग्नाला बोलावलं तर जावं का?

जरूर. नुबियन लग्न साऱ्या गावाचं असतं. तार नावाचा मोठा डफ, टाळ्यांचा ठेका, खांद्याला खांदा लावून रांगेत नाच. हाताला धरून रांगेत ओढतील, तेव्हा जा. पुरुषांच्या रांगेत पुरुष, बायकांच्या रांगेत बायका. पाकिटात थोडा आहेर घाला, यजमानाला रक्कम विचारा. याच संगीताला हम्झा अल-दिन यांनी ऊद हे तंतुवाद्य हातात घेऊन जगभर नेलं. त्यांचं तोश्का गाव धरणात गेलं होतं. जाण्याआधी त्यांचं वादन ऐका.

आरोग्याबद्दल आणखी काही?

बाटलीबंद किंवा गाळलेलं पाणी, टोपी, ओआरएस. वाळवंटाकडच्या भागात विंचू असतात: सकाळी बूट झटकून घाला, रात्री अनवाणी फिरू नका. दंश झाला तर घरगुती उपाय न करता थेट आस्वानच्या रुग्णालयात.

गावात जाण्याआधी काही बघावं का?

आस्वानमधलं नुबिया संग्रहालय, तेही पहिल्याच दिवशी. 1997 मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय टेकडीच्या उतारात बसवलं आहे. खाली पुतळे आणि दागिने आहेतच, पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते बुडालेल्या गावांचे फोटो आणि घरगुती जीवनाची दृश्यं. तिथे तास-दोन तास काढून आलेला पाहुणा ओट्यावर बसल्यावर वेगळे प्रश्न विचारतो.

परतल्यावर रिव्ह्यू लिहायचा आहे. काय लिहू?

गावाचं नाव नीट लिहा, ‘इजिप्तमधलं एक अज्ञात रंगीत गाव’ असं नको; तिथे हजारो माणसं राहतात. कुणी शिजवलं, कुणी होडी चालवली यांचं कौतुक करा, पण त्यांची नावं आणि फोन नंबर त्यांना विचारल्यावरच टाका. काही कमी पडलं असेल तर ते आधी यजमानाला फोनवर सांगा. एका कुटुंबाच्या चार खोल्यांना एक तारा कमी मिळाला तर पुढचा हंगाम रिकामा जाऊ शकतो, आणि गरम पाण्याचा नळ फोनवर सांगूनही दुरुस्त होतो.